ढोल कुठे गेला?

भाचा राहायला आला की दुपारच्या जेवणानंतर तबकड्या लावायच्या, हा आमच्या घरचा जुना शिरस्ता. तो आता कॉलेजात आहे. पुण्यातल्या एका ढोल-ताशा पथकात ताशा वाजवतो आणि पाऊस सुरू झाला की त्याचं सगळं आयुष्य नदीपात्रातल्या सरावाभोवती फिरायला लागतं. बोटांना चिकटपट्ट्या, आवाज बसलेला, कपड्यांना चिखल. जुलैतल्या त्या रविवारी मी किंग ऑलिव्हर लावला, म्हणजे अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या जॅझचा बँडवाला. १९२३चा ‘डिपरमाउथ ब्लूज’. दोन कॉर्नेट, म्हणजे ट्रम्पेटची बुटकी भावंडं, एकमेकांच्या गळ्यात गळा घालून निघतात, क्लॅरिनेट वरून घिरट्या घालतं, खालून ट्रॉम्बोन ओढ देतो, आणि काय चाललंय ते नीट कळायच्या आत तीन मिनिटं संपलेली असतात. मी दर वेळी हसते, तशी हसले. तो सतरंजीवर पडल्या पडल्या ऐकत होता. म्हणाला, “मावशी, ह्यात ढोल कुठे गेला? कुणीतरी नुसते ठोकळे बडवतंय.”

बरोबर होतं त्याचं. मी जरा मास्तरीण होऊन सांगायला बसले. तेव्हा मायक्रोफोन नव्हता. भला मोठा कर्णा, त्याच्या निमुळत्या टोकाशी सुई. वाजवणारे कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहायचे आणि आवाजाच्या धक्क्याने सुई मेणावर रेघ कोरत जायची. मोठा ढोल घुमला की रेघ बिघडायची, म्हणून ढोल बाद. ह्या बँडचा बेबी डॉड्ससारखा ड्रमर, ज्याच्या ठेक्यावर शिकागोच्या लिंकन गार्डन्समध्ये रोज रात्री शेकडो पावलं नाचायची, त्याला इथे लाकडी ठोकळ्यांवर भागवावं लागलं. बिल जॉन्सनचं खरं वाद्य कॉन्ट्राबास, उभं धरायचं ते अवाढव्य तंतुवाद्य. तोही कर्ण्याला झेपेना, म्हणून त्याच्या हातात बँजो आला. एकविशीतल्या लुई आर्मस्ट्राँगची फुंक इतकी जबर की शेजारी उभ्या असलेल्या ऑलिव्हरचा आवाज झाकला जायला लागला. मग लुईला लांब कोपऱ्यात उभं केलं. तिथे बिचारा किती उदास दिसत होता, हे पियानोवर बसलेल्या लिल हार्डिनने पुढे सांगून ठेवलंय. इंडियानातल्या रिचमंड गावी, पियानोच्या कारखान्याच्या आवारातला स्टुडिओ, आणि शेजारून रेल्वे. गाडी आली की काम थांबायचं.

“म्हणजे हा बँड असा वाजतच नव्हता?”

असा नव्हता वाजत. नाचणाऱ्यांसमोर एकेक गाणं कितीतरी लांबायचं आणि ढोलही असायचा. “मग नंतरचे लोक कशावरून शिकले?” ह्याच्यावरूनच, मी म्हणाले. त्याने एक क्षण विचार केला आणि हसला. “म्हणजे ठोकळे शिकले.”

ते हसणं काही केल्या माझ्या डोक्यातून जाईना.

पारंपरिक जॅझमध्ये आता बदलायला काही उरलंय का, हा वाद मी पुष्कळदा घातलाय. आधुनिक जॅझवाले मित्र माझ्या तबकड्यांना लोणच्याच्या बरण्या म्हणतात. मी चिडते, उदाहरणं देते, शेवटी विषय बदलते. पण परंपरा म्हणून आपण ज्याला कवटाळून बसलोय, त्यातला बराच भाग एका कर्ण्याच्या कुवतीने ठरवलेला आहे, ही गोष्ट ठाऊक असूनही मी कधी मनाला लावून घेतली नव्हती. बडी बोल्डेन, ज्याच्यापासून ही सगळी कहाणी सुरू होते असं मानतात, त्याची एकही तबकडी नाही. १९०७मध्ये त्याला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं आणि तो तिथेच १९३१मध्ये गेला. उरला त्याच्या बँडचा एकुलता एक फोटो. त्यात गिटार आहे, दोन क्लॅरिनेट आहेत, बँजो नाही. आणि आज कुठेही पारंपरिक जॅझ म्हणून बँड उभा राहिला की त्यात बँजो हवाच! ‘डिपरमाउथ ब्लूज’मधली ऑलिव्हरची वाटीने आवाज दाबत काढलेली फिरत पुढच्या कॉर्नेटवाल्यांनी पिढ्यान् पिढ्या सुरासकट घोकली. मध्येच एक आरोळी येते, ‘ओ, प्ले दॅट थिंग!’ म्हणतात की डॉड्स आपली जागा विसरला, ताल पोकळ पडला आणि कुणीतरी वेळ मारून न्यायला ओरडलं. दोनच महिन्यांनी हेच गाणं दुसऱ्या कंपनीसाठी पुन्हा मुद्रित झालं, तेव्हा आरोळी जागच्या जागी होती. अजूनही बँड ती घालतात. मला ती आवडते, आणि तिच्या जागी काही नसेल तर चुकल्यासारखं होतं. ह्याला काय म्हणायचं?

घोकंपट्टीला नावं ठेवणं सोपं आहे. माझं लहानपण गिरगावातलं. चाळीमागे, चिराबाजाराच्या बाजूला, गोव्याची बरीच कुटुंबं राहायची. त्यातले एक ट्रम्पेटवाले अंकल बाबांचे मित्र. दिवसा स्टुडिओत सिनेमाच्या गाण्यांना वाजवायचे, रात्री हॉटेलात. बाबा रात्री उशिरा शॉर्टवेव्हवर व्हॉइस ऑफ अमेरिकेचा जॅझचा कार्यक्रम लावायचे. विलिस कोनोव्हरचा तो संथ, खोल आवाज, मागे समुद्रासारखी खरखर, आणि आईचं “अहो, पोरं उठतील.” कधीकधी अंकलही यायचे, पायरीवर बसून ऐकायचे, बोटं गुडघ्यावर चालू. गावच्या चर्चच्या शाळेत व्हायोलिन आणि नोटेशन शिकलेला माणूस. पण जॅझ कुठल्या शाळेत शिकणार? ते तबकडीवरून शिकले. मला एकदा म्हणाले, “बाय, लुई जिथे श्वास घेता, तिथे मी पण घ्यायचो. तेच्या फुप्फुसाचा माप मला पाठ.”

त्या पिढीचं बहुतेकांचं असंच होतं. मुंबईच्या ताज हॉटेलात १९३५मध्ये लिऑन ॲबीचा काळ्या वादकांचा बँड आला, पुढे पियानोवाला टेडी वेदरफर्ड आला. त्यांच्याकडून आणि तबकड्यांकडून आपले गोव्याचे लोक शिकले. आल्दोनचा आंतोनियो झेवियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, मुंबईचा लुई आर्मस्ट्राँग म्हणून मिरवला. हुबेहूब नक्कल, लुईच्या हातातल्या रुमालासकट. पण पोट भरायला ह्या सगळ्यांना सिनेमाच्या स्टुडिओत जावं लागलं, तिथे सी. रामचंद्र भेटले आणि १९५१च्या ‘अलबेला’त आपण सगळे ज्याच्यावर नाचलो ते तयार झालं. ते ट्रम्पेट कुठून आलंय ते ऐकणाऱ्याला कळतं, पण न्यू ऑर्लिन्समधला माणूस त्याला आपलं म्हणणार नाही. घोकलेल्याला काम मिळालं आणि ते बदललं. मुद्दाम कुणी बदलायला बसलं नव्हतं.

न्यू ऑर्लिन्सला मी गेले ती भावाच्या जिवावर. तो ह्यूस्टनला असतो, त्याला ह्या संगीतात काडीचा रस नाही. तरी “ताई, तू एकदा जाऊन ये, नाहीतर आयुष्यभर बोलत बसशील” म्हणून गाडीने घेऊन गेला आणि स्वतः हॉटेलात क्रिकेट बघत बसला. पहिल्या संध्याकाळी प्रिझर्व्हेशन हॉल. बाहेर रांग, आत बाकं, भिंतींचा रंग उडालेला, दारू नाही, माइक नाही. १९६१पासून ही जागा अशीच चालू आहे. जॅफे नवरा-बायकोने ती उभी केली तेव्हा शहरातल्या म्हाताऱ्या वादकांना कुणी विचारत नव्हतं, काळ्या आणि गोऱ्यांनी एका खोलीत बसून वाजवणं-ऐकणं हेही तिथल्या कायद्याला पटणारं नव्हतं. फर्माइशींची पाटी प्रसिद्ध आहे: ‘सेंट्स’, म्हणजे ‘व्हेन द सेंट्स गो मार्चिंग इन’, हवं असेल तर जास्त पैसे. वाजवणाऱ्यांना त्या गाण्याचा किती वीट आला असेल, ते त्या पाटीवरून कळतं. मी पहिल्या बाकावर, ट्रॉम्बोनची नळी माझ्या गुडघ्यापासून हातभर अंतरावर. रडूच आलं. आणि रडता रडता हेही दिसत होतं की आम्ही सगळे बसलोय. कुणी नाचत नाहीये. गाणं संपलं की टाळ्या, सोलो संपला की टाळ्या, देवळात आल्यासारखे चेहरे. ह्याच हॉलच्या बँडने २०१३मध्ये सगळी स्वतःची गाणी असलेला अल्बम काढला, नंतर क्यूबाला जाऊन आले आणि त्याचा रंग पुढच्या अल्बमला लागला, हे मला ठाऊक होतं. पण त्या बाकावर बसून मला जुनंच हवं होतं. पर्यटक होते मी. मला ठोकळे हवे होते.

दुसऱ्या दिवशी रविवार. ट्रेमे भागात एका क्लबची सेकंड लाइन, म्हणजे बँडसह नाचत जाणारी मिरवणूक, निघणार होती. हे क्लब म्हणजे मुळात एकमेकांच्या दवाखान्याला आणि मयताला पैसे उभे करणारी मंडळं. वर्षातून एकदा प्रत्येकाची मिरवणूक. पुढे क्लबचे लोक, एकाच रंगाचे सूट, हातात पिसांचे पंखे. मागे बँड, आणि त्यामागे, आजूबाजूला, गाड्यांच्या टपांवर, पायऱ्यांवर, सगळी वस्ती. ट्रकच्या मागच्या फळीवर मांस भाजणं चालू, बर्फाच्या पेट्यांतून बाटल्या निघतायत, आजीबाई चाकाच्या खुर्चीत बसून खांदे उडवतायत. सुझाफोन म्हणजे गळ्यात अजगर घातल्यासारखं वाद्य. ते वाजवणारा पोरगा विशीतला असेल. तो जे वाजवत होता ते मी तबकडीवर कधी ऐकलेलं नव्हतं. खालून एकच तुकडा पुन्हा पुन्हा, लय चढती, वरून ट्रम्पेट ओरडतायत, मध्येच सगळे मिळून काहीतरी म्हणतायत. गाणी रेडिओवरच्या सोलची, फंकची. जॅझ म्हणावं का, असा प्रश्न पडायला सवड मिळाली नाही, कारण तोवर आम्ही क्लेबोर्न ॲव्हेन्यूवरच्या पुलाखाली आलो होतो.

ह्या रस्त्याच्या मधोमध पूर्वी ओकच्या जुन्या झाडांच्या रांगा होत्या. काळ्या वस्तीची हीच बाजारपेठ, हीच कार्निव्हलची जागा, मुलं झाडाखाली खेळायची. १९६६मध्ये हायवेसाठी झाडं तोडली आणि डोक्यावर काँक्रीटचा पूल आला. मी ह्याबद्दल वाचलं होतं, आणि त्याची हळहळ घेऊनच तिथे पोचले होते. पण पुलाखाली शिरताच बँडने लय आणखी चढवली. वादक मुद्दाम तिथे रेंगाळले. काँक्रीटवरून आवाज उलटून अंगावर येत होता, मोठा ढोल छातीच्या पिंजऱ्यात वाजत होता, लोक हात वर करून किंचाळत होते. ज्या पुलाने वस्तीचा गळा दाबला, तोच त्यांनी वाद्य म्हणून वापरायला घेतला होता. तिथे नाजूक काही ऐकूच येणार नाही. तिथे जे ऐकू येईल तेच त्यांनी वाढवलंय. १९२३मध्ये कर्ण्याने ढोल बाहेर काढला होता, इथे पुलाने आत घेतला. माझ्या मते ह्या दोन्ही गोष्टी एकाच जातीच्या आहेत, आणि पहिलीला अस्सल म्हणायचं, दुसरीला बिघडलेली, ह्याला काही अर्थ नाही.

ही मुलं कुठून आली, त्याची गोष्ट तशी सरळ आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथले ब्रास बँड म्हाताऱ्यांचे उरले होते. डॅनी बार्कर हा बँजो-गिटारवाला बरीच वर्षं न्यूयॉर्कला काढून गावी परतला होता. त्याने फेअरव्ह्यू बॅप्टिस्ट चर्चच्या आडोशाने पोरांचा बँड काढला. लिरॉय जोन्स, मायकेल व्हाइट, पुढे जगभर गाजलेला ट्रम्पेटवाला, तेव्हा अगदी लहानगा विंटन मार्सालिससुद्धा त्या वळचणीतून गेलेला. त्याच सुमाराच्या पोरांतून १९७७मध्ये डर्टी डझन हा ब्रास बँड निघाला. त्यांनी जुनी मिरवणुकीची गाणी ठेवली, शेजारी बीबॉप (चाळीसच्या दशकातला वेगवान, गुंतागुंतीचा जॅझ) आणि फंक आणून बसवलं आणि लय इतकी वाढवली की जुन्या लोकांना चालता येईना. १९८३मध्ये शाळकरी पोरांचा रीबर्थ आला. त्याला २०१२मध्ये ग्रॅमी मिळालं. बार्करने परंपरा वाचवायला बँड काढला आणि वाचली ती अशी. बरं झालं की वाईट, ते कुणाला विचारता त्यावर आहे.

कारण ह्यात गेलं काय, तेही मोजायला हवं.

क्लॅरिनेट गेलं. आपल्याकडच्या वरातीच्या बँडात क्लारनेट अजून मुरकी घेतं, पण न्यू ऑर्लिन्समध्ये, जिथे त्याने सिडनी बेशे आणि जॉनी डॉड्स दिले, तिथल्या रस्त्यावरच्या बँडांत ते आता शोधावं लागतं. तीन ट्रम्पेट, तीन ट्रॉम्बोन आणि दोन ढोलांसमोर त्याचा टिकाव लागत नाही, पुलाखाली तर नाहीच. आणि मयतावरची संथ धून आखडत गेली. पूर्वी चर्चपासून बराच वेळ बँड दफनभूमीच्या दिशेने पावलं ओढत चालायचा, छोट्या ढोलाच्या तारा सैल करून आवाज मुका केलेला, आणि प्रेताला निरोप दिल्यावरच नाच सुरू व्हायचा. आता कित्येकदा दोन-चार कडव्यांत शोक उरकतो. बार्करच्या पोरांतला मायकेल व्हाइट ह्याबद्दल वर्षानुवर्षं बोलत आलाय. तो क्लॅरिनेटवाला आणि विद्यापीठातला प्राध्यापक. २००५च्या कत्रिना वादळात त्याच्या घरात पाणी शिरलं आणि त्याने आयुष्यभर जमवलेली जुनी वाद्यं, कागद, तबकड्या गेल्या. त्याने वेगळीच वाट धरली. जुन्याच चौकटीत, जुन्याच वाद्यांनी नव्या चिजा बांधायच्या. वादळाच्या आधीच्या आणि नंतरच्या त्याच्या अल्बममध्ये अशा कितीतरी आहेत. एखाद्याने मालकंसात नवी बंदिश बांधावी तशा. त्या ऐकताना कुठेही धूळ लागत नाही. पण रस्त्यावर त्या कुणी वाजवत नाही. रीबर्थचं उलट. त्यांच्या मागे मी मैलभर घामाघूम चालले असते, पण घरी तबकडी लावून बसले तर दहा मिनिटांत कंटाळते. दोन्ही वाटा चालू आहेत, मला दोन्ही हव्यात, आणि एकाच बँडात त्या मिळाव्यात असा हट्ट धरण्याइतकी मी आता तरुण नाही.

भाच्याच्या प्रश्नापासून मला सगळ्यांत जास्त आठवतोय तो बंक जॉन्सन. १९३०च्या दशकाच्या अखेरीस काही गोरे संग्राहक जॅझच्या मुळांचा शोध घेत होते. त्यांना न्यू आयबेरिया गावी हा म्हातारा ट्रम्पेटवाला सापडला. दात पडलेले, हातात वाद्य नाही. पत्रं आली-गेली, सिडनी बेशेचा भाऊ लिओनार्ड दातांचा डॉक्टर, त्याने कवळी बसवली, वाद्य मिळालं आणि १९४२मध्ये बंकचं मुद्रण झालं. बिघडण्याआधीचं, तबकडीच्याही आधीचं संगीत सापडलं म्हणून लोक हरखले. आपण बोल्डेनबरोबर वाजवलंय, असं बंक सांगायचा. वयही त्याने दहाएक वर्षांनी वाढवून सांगितलं होतं, असं पुढचे संशोधक म्हणतात. गिऱ्हाइकाला जुनं हवंय हे त्याने बरोबर ओळखलं होतं! पण वाजवायचं काय, ह्यावर मात्र तो ऐकेना. त्याला त्या वर्षीची चालू गाणी वाजवायची असत. संग्राहकांनी त्याच्याभोवती क्लॅरिनेटवाला जॉर्ज लुईस वगैरे न्यू ऑर्लिन्सची अस्सल, कानाने वाजवणारी मंडळी जमवली. त्याला त्यांचं वाजवणं ओबडधोबड वाटे, नोटेशन वाचता येणारे वादक हवे असत. भांडणं झाली. शेवटी १९४७च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये त्याला स्वतःच्या पसंतीचा बँड मिळाला आणि त्याने रॅगटाइमच्या, म्हणजे जॅझच्या आधीच्या पियानोप्रधान संगीताच्या, जुन्या छापील चिजा व बॉलरूममधली लोकप्रिय गाणी शेजारी शेजारी वाजवली, नीटनेटकी, कागद समोर ठेवून. दीड वर्षात तो गेला.

मी ते मुद्रण मुद्दाम मिळवून ऐकलं. भाच्यालाही ऐकवलं. म्हाताऱ्याची बाजू घ्यायची ठरवूनच बसले होते, आणि वादक म्हणून त्याचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं. पण ते मला सपक वाटलं. जॉर्ज लुईसबरोबरचं, ज्यावर बंक स्वतः नाखूश होता, ते कितीतरी जिवंत आहे: सूर घसरलेले, सगळे एकदम बोलतायत, खोलीचा घुमारा, कुणाचंच कुणाकडे लक्ष नाही आणि तरी कुणी कुणाला सोडत नाही. माझा कान त्या संग्राहकांनीच घडवलाय, आता ह्या वयात तो बदलायचा कसा? भाच्याला दोन्ही आवडली नाहीत. त्याने फोनवर कुठल्याशा ब्रास बँडची मिरवणूक काढली, सुझाफोनच्या तुकड्यावर ताशाची तर्री टेबलावर बसवून पाहिली, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा बसली, आणि चहा कुठवर आलाय विचारत स्वयंपाकघरात गेला.